पाणीपाळी व नदीपातळीसाठी स्वयंचलित दूरध्वनी सेवा



कृष्णा, कोयना व वारणाकाठच्या गावांत मोटारीच्या पेटीत मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवलेला आता सर्रास आढळतो. पेटीतील सिमकार्डाच्या क्रमांकावर घरून फोन लावला की ध्वनिमुद्रित आवाज येतो, 'थ्री फेज वीज उपलब्ध आहे. मोटार बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा.' आपण एक दाबतो आणि दीड किलोमीटरवर नदीकाठी मोटार सुरू होते. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात बॅटरी घेऊन, साप-बिबट्याची धास्ती मनात ठेवून उसातून चालत जाण्याचा त्रास या पेटीने पुष्कळ कमी केला आहे. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची मोटारीसाठी होणारी पायपीट पाहून या दिशेने काम सुरू केले व 'नॅनो गणेश' हे यंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले. त्यानंतर अशा पेट्या अनेक नावांनी बाजारात आल्या.

फोन उचलायला माणूस नाही, तरी आपल्या प्रश्नाला उत्तर मिळते आणि आपली आज्ञा पाळली जाते. यालाच स्वयंचलित दूरध्वनी सेवा म्हणतात. एका मोटारीसाठी जे होऊ शकते ते दीडशे सभासदांच्या उपसा जलसिंचन संस्थेसाठीही होऊ शकते. 'माझी पाळी कधी?', 'आज मोटारी चालू आहेत का?', 'नदी किती चढली?' हे प्रश्न दिवसातून पन्नास वेळा पाटकऱ्याला किंवा सचिवाला विचारले जातात. त्यांची उत्तरे ठरलेली असतात व ती सर्वांना सारखीच हवी असतात. अशा प्रश्नांसाठीच यंत्राचा उपयोग आहे. घडावर आलेला डाग केवड्याचा की आणखी कशाचा, असा प्रश्न मात्र माणसालाच विचारावा. त्यासाठी केंद्र शासनाने २१ जानेवारी २००४ रोजी सुरू केलेले किसान कॉल सेंटर आहे. तेथे १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर माणूस फोन उचलतो व शेतकऱ्याच्या भाषेत बोलतो.

गेल्या काही वर्षांत संस्थांचे तरुण सचिव व शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आमच्याकडे अशा सेवेबद्दल विचारणा करू लागले आहेत. म्हणून तिची रचना, ती उभारताना होणाऱ्या चुका आणि आमच्या हातून झालेली एक मोठी चूक यांची माहिती या लेखात देत आहे.

पेटी आणि सर्व्हर

मोटारीच्या पेटीला फक्त आपली एक मोटार माहीत असते. संस्थेची सेवा पेटीत मावत नाही. तिला सर्व्हर लागतो. सर्व्हर म्हणजे इंटरनेटला जोडलेला व रात्रंदिवस चालू असणारा संगणक. तो गावात ठेवण्याची गरज नाही, किंबहुना ठेवूच नये. तो भाड्याने मिळतो व मुंबईत किंवा आणखी कोठेही असू शकतो. त्यावर सभासदांची यादी, पाळीपत्रक व आजच्या नोंदी असतात आणि कॉल आल्यावर काय करायचे ते सांगणारी आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम असतो.

या दोहोंत आणखी एक फरक आहे आणि पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे. पेटी 'वीज उपलब्ध आहे' असे म्हणते तेव्हा तिने त्या क्षणी तिन्ही फेजचा दाब स्वतः मोजलेला असतो. सर्व्हर काहीच मोजत नाही. कोणीतरी कधीतरी त्यात जे लिहून ठेवले तेच तो वाचून दाखवतो.

कॉल आल्यावर काय घडते?

प्रथम दूरध्वनी सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून एक क्रमांक भाड्याने घ्यावा लागतो. अमेरिकेत २००८ साली स्थापन झालेल्या ट्विलिओ या कंपनीने हा मार्ग जगभर रूढ केला. आपल्याकडे बंगळुरूची एक्झोटेल, हैदराबादची ओझोनटेल अशा कंपन्या या क्षेत्रात काम करतात. टेलिफोनच्या तारा, एक्स्चेंज व जोडण्या ही सारी कंपनीची बाजू. काय बोलायचे, काय विचारायचे हे ठरवणे ही आपल्या सर्व्हरची बाजू.

सभासदाने फोन लावला की कॉल कंपनीकडे पोहोचतो. कंपनीचा संगणक आपल्या सर्व्हरला इंटरनेटवरून विचारतो, 'अमुक क्रमांकावरून कॉल आला आहे, काय करू?' सर्व्हरने काही सेकंदांत उत्तर द्यायचे असते. हे उत्तर ठरावीक आज्ञांचेच असते. हे ध्वनिमुद्रण वाजव, एक कळ दाबली जाण्याची वाट पाहा, बोलणाऱ्याचा निरोप मुद्रित कर, दुसऱ्या क्रमांकाला जोड, फोन ठेव. बहुतेक सर्व सेवा या पाच आज्ञांतून उभ्या राहतात. आज्ञावली पीएचपी, पायथॉन किंवा कोणत्याही प्रचलित संगणकभाषेत लिहिता येते. महाविद्यालयात संगणक शिकलेल्या मुलाला हे काम पंधरवड्यात जमण्यासारखे आहे.

सभासदाने कळ दाबली की कंपनी पुन्हा सर्व्हरला विचारते, 'एक दाबले, आता काय करू?' येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सर्व्हरच्या दृष्टीने ही दोन विचारणे पूर्ण वेगळी आहेत. मघाशी ज्याला मेनू ऐकवला तोच हा माणूस, हे तो आपोआप लक्षात ठेवत नाही. साखर कारखान्याच्या काट्याचे उदाहरण घ्या. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होते, गाडी गव्हाणीकडे जाते. मोकळी झाल्यावर ती पुन्हा काट्यावर येते. काट्यावरचा कारकून त्या दोन तासांत कितीतरी गाड्या पाहतो, त्याला आपली गाडी आठवत नाही. चिठ्ठीवरच्या क्रमांकावरून भरलेले व मोकळे वजन एकत्र येते व उसाचे निव्वळ वजन निघते. चिठ्ठी हरवली तर दोन्ही वजने वाया. त्याचप्रमाणे प्रत्येक कॉलला कंपनी एक क्रमांक देते आणि तो प्रत्येक विचारण्याबरोबर पाठवते. या क्रमांकाखाली सर्व्हरने प्रत्येक टप्पा लिहून ठेवावा. नवशिक्यांच्या आज्ञावलीत सर्वाधिक घोटाळे येथेच होतात. दोघांनी एकाच वेळी फोन केला की एकाची पाळी दुसऱ्याला ऐकू येते.

सर्व्हरकडून उत्तर आलेच नाही तर कंपनी थोडा वेळ थांबून कॉल सोडून देते, तेव्हा सभासदाला भलताच इंग्रजी संदेश ऐकू येण्याची शक्यता असते. यासाठी 'सध्या सेवा बंद आहे, कृपया पाटकऱ्याशी संपर्क साधा' एवढे मराठी ध्वनिमुद्रण कंपनीकडेच ठेवून द्यावे.

कोण बोलत आहे?

कॉल ज्या क्रमांकावरून आला तो सर्व्हरला कळतो, त्यामुळे सभासदाला नाव विचारण्याची गरज राहत नाही असे वाटते. प्रत्यक्षात आपल्या घरांतील व्यवहार तसा नसतो. सातबारा वडिलांच्या नावावर, सिमकार्ड मुलाच्या नावावर आणि फोन सुनेच्या हातात अशी स्थिती असते. दोन भावांची खाती वेगळी पण फोन एकच, हेही आढळते. म्हणून यादीत एका क्रमांकापुढे एकाहून अधिक खाती लिहिता येतील अशी सोय ठेवावी व तसे असल्यास कोणत्या खात्याची पाळी हवी ते विचारावे. क्रमांक यादीत नसेल तर सभासद क्रमांक दाबण्यास सांगावे.

कंपनीकडून क्रमांक कधी पुढे शून्य लावून, कधी +९१ लावून तर कधी नुसता दहा अंकी येतो. यादीशी ताडताना शेवटचे दहा अंकच घ्यावेत. एवढी एक ओळ विसरल्यामुळे निम्मे सभासद 'अनोळखी' ठरल्याचे आम्ही पाहिले आहे. तसेच नुसत्या क्रमांकावर विसंबून पैशाचा व्यवहार किंवा संस्थेच्या मोटारी चालू-बंद करण्याचा अधिकार कोणालाही देऊ नये. दुसऱ्याचा क्रमांक दाखवून फोन करणे लबाड माणसाला अशक्य नाही.

कळ दाबायची की बोलायचे?

फोनची प्रत्येक कळ दोन स्वरांची जोडी असते. पाच दाबले की ७७० व १३३६ हर्ट्झचे दोन स्वर एकदम उमटतात, एक दाबले की ६९७ व १२०९ चे. आडव्या ओळीचा एक स्वर व उभ्या ओळीचा एक स्वर अशी ही योजना आहे. माणसाच्या बोलण्यात नेमके हे दोन स्वर एकाच वेळी व सारख्याच जोराने येणे कठीण, म्हणून यंत्राची फसगत होत नाही. अमेरिकेत १९६३ साली हे फोन ग्राहकांना मिळू लागले. आपल्याकडे गोल तबकडीचे फोन होते तोवर ही सोय नव्हती.

आता यंत्राला बोललेले मराठीही बऱ्यापैकी समजू लागले आहे. तरीही संस्थेच्या सेवेसाठी कळ अधिक भरवशाची आहे, असे माझे मत आहे. गुजरातच्या ग्रामीण भागात २००९ च्या सुमारास संशोधकांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. बोलून उत्तर देणाऱ्यांपेक्षा कळ दाबणाऱ्यांत काम पूर्ण करणारे अधिक निघाले. त्यानंतर यंत्रे सुधारली हे खरे. परंतु मोटारीचा आवाज, वारा व शेजारी बोलणारी माणसे यांच्यात उभा राहून फोन करणारा शेतकरी तोच आहे.

त्याच काळात गुजरातमध्ये 'आवाज ओटलो' ही शेतकऱ्यांची दूरध्वनी सेवा चालवली गेली. तिच्यात तज्ज्ञांचे तयार संदेश व रेडिओचे जुने कार्यक्रम ऐकण्याची सोय होती आणि आपला प्रश्न मुद्रित करून इतरांची उत्तरे ऐकण्याचीही. शेतकऱ्यांची सर्वाधिक ये-जा प्रश्नोत्तरांच्या भागात होती. म्हणून केवळ ऐकवणारा मेनू करू नये, निरोप ठेवण्याची कळ अवश्य द्यावी. 'चार नंबरचा व्हॉल्व्ह गळतोय' हा एक निरोप सचिवाच्या दहा फेऱ्या वाचवतो.

मेनूत तीन-चारहून अधिक पर्याय नसावेत. 'पाण्याच्या पाळीसाठी एक दाबा, नदीच्या पातळीसाठी दोन, निरोप ठेवण्यासाठी तीन, पाटकऱ्याशी बोलण्यासाठी शून्य.' एवढे पुरे. आधी काम सांगावे, मग अंक. सुरुवातीला संस्थेचे लांबलचक नाव, स्वागत व पदाधिकाऱ्यांची नावे ऐकवण्याचा मोह टाळावा. पावसात उभ्या असलेल्या माणसाला ते नको असते.

कोणीच कळ दाबली नाही तर काय, याचा विचार आज्ञावली लिहिणारे हमखास विसरतात. माझ्या चुलत्यांना मी चाचणीसाठी फोन करायला लावले. त्यांनी मेनू शांतपणे पूर्ण ऐकला, 'बरं' म्हणाले व पुढचे ऐकण्यासाठी फोन कानाला लावून बसले. यंत्र तोच मेनू पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अशा वेळी मेनू एकदाच पुन्हा ऐकवावा व तरीही कळ दाबली गेली नाही तर कॉल सरळ माणसाकडे जोडावा. रात्री माणूस उपलब्ध नसेल तर निदान त्या क्रमांकाची आजची पाळी आपोआप ऐकवावी.

मराठी आकड्यांची अडचण

सेवा मराठीत करताना एक अडचण येते ती परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. इंग्रजीत वीसपर्यंतचे वीस शब्द व तीस ते नव्वद हे सात शब्द मुद्रित केले की नव्व्याण्णवपर्यंतची कोणतीही संख्या जोडून बोलता येते. मराठीत सत्तेचाळीसचे सात आणि चाळीस असे दोन तुकडे करता येत नाहीत, एकोणपन्नासचे तर नाहीतच. म्हणून एक ते नव्व्याण्णव या सर्व संख्या स्वतंत्रपणे मुद्रित कराव्या लागतात. शंभराच्या पुढे दीडशे व अडीचशे वेगळे. वेळेसाठी सव्वा, साडे, पावणे आणि पुन्हा दीड व अडीच वेगळे. आमच्या पहिल्या प्रयोगात यंत्राने 'रात्री साडेदोन वाजता' असे सांगितले आणि ऐकणारे पाळी विसरून हसत बसले.

यंत्राकडून वाचून घेण्याची सोय आता मिळते व ती सुधारत आहे. परंतु पाळीचा आकडा हा भांडणाचा विषय असतो. तो गावातल्याच स्पष्ट बोलणाऱ्या व्यक्तीच्या आवाजात असावा. एका दुपारी शाळेच्या बंद खोलीत बसून दोनशेच्या आसपास तुकडे सहज मुद्रित होतात. बोलणाऱ्याने संख्या वाचताना शेवटी आवाज चढवू नये, सर्व तुकडे एकाच दिवशी व एकाच फोनवर मुद्रित करावेत, म्हणजे ते जोडल्यावर खडबडीत वाटत नाहीत.

एका वेळी किती कॉल?

कंपनीशी करार करताना एका क्रमांकावर एकाच वेळी किती कॉल घेता येतील ते ठरवावे लागते, व त्यावर भाडे अवलंबून असते. समजा दीडशे सभासद आहेत, वीज येण्याच्या सुमारास तासाभरात प्रत्येक जण एकदा फोन करतो व प्रत्येक कॉल एक मिनिटाचा आहे. तासात दीडशे मिनिटांचे बोलणे, म्हणजे सरासरी अडीच लाइनी गुंतलेल्या. म्हणून तीन पुरतील असे वाटेल. परंतु सरासरीवर पाइपचा व्यास ठरवू नये, तसेच हे आहे. कॉल ओळीने येत नाहीत, घोळक्याने येतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९१७ साली यासाठी सूत्र प्रसिद्ध केले व ते आजही वापरले जाते. त्या सूत्राने वरील उदाहरण सोडवले असता तीन लाइनी असताना शंभरातील २८ जणांना फोन व्यस्त लागतो, पाच असताना ७ जणांना आणि सात असताना एकाला. सात घ्याव्यात.

नदी चढू लागते तेव्हा मात्र हे गणितही अपुरे पडते, कारण सर्व गाव दहा मिनिटांत फोन करते. अशा वेळी सभासदांच्या कॉलची वाट न पाहता सर्व्हरने स्वतःच एकेकाला फोन करून सूचना द्यावी.

शिळ्या माहितीचा धोका

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेथे इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट धरली जाते. नदीकाठच्या शेतकऱ्याची चिंता मात्र त्याआधीच सुरू होते. काठावरच्या मोटारी, पेट्या व केबल वर काढायच्या असतात. त्यासाठी चार माणसे, साखळी-कप्पी व ट्रॅक्टर जुळवावा लागतो आणि एकदा वर काढल्या की उभ्या पिकाचे पाणी थांबते. म्हणून कोणीही त्या उगाच काढत नाही. कोयनेतून विसर्ग वाढला, वरच्या बाजूला पाऊस झाला की प्रत्येक जण घाटावर जाऊन किती पायऱ्या बुडाल्या ते पाहतो.

जुलै २०२४ मध्ये आम्ही विद्यार्थ्यांसह नदीकाठच्या एका गावात अशी सेवा प्रयोगादाखल चालवत होतो. घाटाशेजारी राहणारा एक तरुण दिवसातून तीन वेळा पाणी कितव्या पायरीवर आहे ते मोबाइलवरून सर्व्हरला कळवत असे. दोन दाबले की तो आकडा ऐकू येई. पंधरा दिवस सर्व सुरळीत चालले. लोकांनी घाटावर जाणे कमी केले. आम्हाला याचा आनंदच वाटला.

एके दिवशी त्या तरुणाच्या घरी कोणी आजारी पडल्याने तो मिरजेला दवाखान्यात गेला व रात्री तेथेच राहिला. सकाळनंतर नोंद झाली नाही. यंत्र मात्र दर कॉलला 'पाणी बाराव्या पायरीवर आहे' असे सांगत राहिले. रात्री पाणी चढले. पहाटे एका वयस्कर शेतकऱ्याची मोटार व पेटी बुडालेली आढळली. त्यांनी झोपण्यापूर्वी, साडेनऊला फोन करून बारावी पायरी ऐकली होती. मी भेटायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, आवाज एकदम खणखणीत हुता, म्हणून म्हटलं खरंच असंल."

चूक त्या तरुणाची नव्हती. माझी होती. नोंद किती वाजता झाली ही वेळ सर्व्हरमध्ये साठवलेली होती, पण ती तपासणारी ओळ आज्ञावलीत मी लिहून घेतली नव्हती. माणूस जुनी माहिती सांगताना आपोआप 'सकाळी बघितलं तेव्हा' असे म्हणतो. त्याच्या आवाजातच शंका असते. यंत्राच्या आवाजात ती नसते, ती आपण घालावी लागते.

त्यानंतर आम्ही केलेले बदल असे. कोणताही आकडा ऐकवण्यापूर्वी त्याची वेळ ऐकवली जाते, 'आज दुपारी एक वाजता पाणी बाराव्या पायरीवर होते.' 'आहे' हा शब्द काढून 'होते' केला. आताच्या वेळेतून नोंदीची वेळ वजा केली जाते. पावसाळ्यात हा फरक चार तासांहून अधिक झाला तर आकडा मुळीच वाजवला जात नाही. त्याऐवजी 'ताजी नोंद नाही, घाटावर पाहून खात्री करावी' असे ऐकू येते व कॉल पाटकऱ्याकडे जोडला जातो. त्याच वेळी नोंद करणाऱ्याला व त्याच्या बदली माणसाला सर्व्हर फोन करतो. आकडा ऐकून ज्यांनी त्या दिवशी कॉल केले होते त्यांची यादी सर्व्हरकडे असतेच. नवी नोंद मोठ्या फरकाची आली तर त्या सर्वांना परत फोन जातो. हा शेवटचा बदल मला सर्वांत उपयोगाचा वाटतो.

पाळीच्या बाबतीतही शिळेपणाचा एक छुपा प्रकार आहे. भाड्याच्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा ग्रीनिच वेळेवर लावलेले असते व ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा त्या घड्याळात आदल्या दिवसाचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हर कालची पाळी सांगतो व त्यानंतर दिवसभर बरोबर सांगतो. दिवसा चाचणी करणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही आणि रात्रीच्या विजेवर पाणी देणाऱ्याला तोच नेमका भोवतो. आज्ञावली लिहिणाऱ्याला भारतीय वेळ लावण्यास सांगावे व रात्री दोन वाजता उठून स्वतः एकदा फोन करून पाहावा.

मिस्ड कॉल व संस्थेचे स्वतःचे कॉल

ज्यांच्या फोनचा रिचार्ज संपलेला असतो त्यांचे बाहेर जाणारे कॉल आधी बंद पडतात. इतरांना पैसे न लागता माहिती मिळावी यासाठी मिस्ड कॉलची पद्धत सोयीची आहे. सर्व्हर कॉल न उचलता क्रमांक टिपतो व उलट फोन करतो. वीज गेल्याची तक्रार नोंदवण्यासाठी महावितरणनेही नोंदणीकृत मोबाइलवरून मिस्ड कॉल देण्याची सोय केलेली आहे. येथे एकच काळजी घ्यावी. उतावीळ माणूस लागोपाठ चार वेळा मिस्ड कॉल देतो. त्याला चार फोन जाऊ नयेत, म्हणून दोन-तीन मिनिटांतील एकाच क्रमांकाचे सर्व कॉल एकच धरावेत.

यंत्राने लोकांना फोन करण्यावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम लागू आहेत. प्रचाराच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारी क्रमांकमालिका आहे. आपले कॉल सभासदांना सेवेची माहिती देण्यापुरतेच असावेत, प्रत्येकाची लेखी संमती वार्षिक सभेत घेऊन ठेवावी व कोणती नोंदणी लागेल ते कंपनीकडून लेखी घ्यावे. या यादीचा उपयोग खताच्या किंवा औषधाच्या जाहिरातीसाठी कोणालाही करू देऊ नये. एकदा तसे झाले की लोक संस्थेचा फोन उचलत नाहीत, आणि पुराच्या रात्रीही उचलत नाहीत.

मोठ्या पुरात वीज जाते, मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरतात व फोनच बंद पडतो हेही ध्यानात ठेवावे. ग्रामपंचायतीचा भोंगा व दवंडी बंद करू नये.

सुरुवात कशी करावी?

पावसाळा संपल्यावर, रब्बीच्या पाळ्या सुरू होताना एकाच कळीने सुरुवात करावी. ती कळ पाण्याच्या पाळीची असावी, कारण तेथे चूक झाली तर ती पाटकरी लगेच दुरुस्त करू शकतो. पहिला हंगाम पाटकऱ्याची वही व सर्व्हर दोन्ही बरोबर चालवावेत व रोज संध्याकाळी ताडून पाहावेत. नदीपातळीची कळ पुढच्या मे महिन्यात जोडावी, तीही नोंद करणारी दोन माणसे ठरल्यावरच. त्यांना संस्थेने मानधन द्यावे. सर्व्हरचे व क्रमांकाचे भाडे ठराव करून देणाऱ्या संस्था या मानधनाला कचरतात, असा माझा अनुभव आहे. दोन माणसे मिळत नसतील तर दोन नंबरची कळ मेनूत ठेवू नये.